सी सोडून लुआ कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. २६४ केबी रॅमच्या आरपी२०४० या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर गेमसाठी सी भाषा सोडून लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा चालवणं ही निव्वळ उधळपट्टी आहे, तिच्या गार्बेज कलेक्टरमुळे (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) गेम अडखळतो आणि माझा सेकंदाला ६० फ्रेमचा दावा खोटा आहे, असं तुमचं म्हणणं.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. गेमचं लॉजिक सेकंदाला किती वेळा फिरतं ते मी मोजलं आणि तोच आकडा ठोकून दिला. पडदा ३२० बाय २४०, पिक्सेलला १६ बिट. म्हणजे एका फ्रेमचे १२,२८,८०० बिट. चिपकडून पडद्याकडे डेटा नेणारी एसपीआय जोडणी ६२.५ मेगाहर्ट्झवर पळवली तरी ते पोचायला जवळजवळ २० मिलिसेकंद जातात. सेकंदाला पन्नास फ्रेमच्या पुढे गाडी सरकणारच नाही. पण मग ती सीमध्येही सरकणार नाही, हेही तुम्ही मान्य करायला हवं! आता गेम ३० फ्रेमला बांधलाय.

अडखळण्याचं खापर मीही आधी कलेक्टरवरच फोडलं होतं. पण कचरा करत कोण होतं? मीच. प्रत्येक गोळीच्या जागेसाठी दर फ्रेमला नवं टेबल (लुआतली माहिती ठेवायची रचना): ४० गोळ्या, सेकंदाला १२०० टेबलं. आता ४० टेबलं सुरुवातीलाच करून ठेवतो आणि तीच फिरवून वापरतो. कलेक्टरचं आपोआप चालणं बंद केलंय. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा चिपमधला भाग) पडद्याकडे फ्रेम पाठवत असतो तेवढ्या वेळात कलेक्टरला थोडं थोडं काम देतो. झटके गेले. शिवाय लुआ ३२ बिटच्या आकड्यांवर बांधून घेतली. या चिपला एफपीयू (दशांश संख्यांचं गणित करणारा भाग) नाही, त्यामुळे डबलची, म्हणजे ६४ बिटच्या दशांश संख्यांची, आकडेमोड महागात पडत होती. टेबलाच्या अ‍ॅरेतलं प्रत्येक मूल्यही १६ ऐवजी ८ बाइटमध्ये बसायला लागलं.

आता उधळपट्टीचं. स्प्राइट (पडद्यावरची हलती चित्रं) काढणं, आवाज, टक्कर तपासणं हे सगळं सीमध्येच आहे. लुआ फक्त काय घडायचं ते ठरवते. आणि तिथेच मला ती हवी आहे. उडी किती उंच असावी हे कागदावर कळत नाही. सीमध्ये आकडा बदला, कंपाइल करा, बूटसेलचं बटण दाबून नवा प्रोग्राम चिपमध्ये भरा, पुन्हा जिथे उडी मारायची त्या खड्ड्यापर्यंत खेळत जा. लुआमध्ये गेम चालू असतानाच सिरियल जोडणीवरून चिपला एक ओळ पाठवतो आणि पुढची उडी नव्या आकड्याने पडते. एका संध्याकाळी तीसेक आकडे करून पाहिले. सीमध्ये पाचव्यालाच 'चालतंय की' म्हणून उठलो असतो.

कंपायलर चुका आधीच पकडतो, हा तुमचा टोला मात्र लागला. परवा 'वेग'च्या नावात एक अक्षर चुकलं, हाती निल (लुआतलं 'काहीच नाही') आलं आणि गेम थेट तिसऱ्या लेव्हलला कोसळला. तेव्हापासून ग्लोबल टेबलला (जिथे सगळीकडून वापरता येणारी नावं असतात) मेटाटेबल, म्हणजे त्या टेबलाच्या वापराचे नियम बदलणारं टेबल, लावलंय: आधी न सांगितलेलं नाव वापरलं की गेम तिथल्या तिथे थांबतो. पण चुकीची ओळ चालेपर्यंत त्या मेटाटेबललाही काही कळत नाही, हे खरं.