अंगणातल्या उन्हात चहा ठेवू नका

गेले काही दिवस एकच निरोप आमच्या वाड्यावरच्या, माहेरच्या आणि शाळकरी मैत्रिणींच्या अशा तिन्ही ग्रुपवर फिरतोय. फळं घातलेला कोल्ड ब्रू चहा, म्हणजे न उकळता गार पाण्यात भिजवून केलेला, गोव्याच्या उकाड्यावर रामबाण आहे म्हणे. काचेच्या बरणीत चहापत्ती, मानकुराद आंब्याच्या फोडी, अननस आणि दोन-चार भिरंडां, म्हणजे ओले रातांबे, कोकमाची फळं, घालायची. वर नळाचं पाणी ओतायचं. बरणी चार-पाच तास उन्हात ठेवायची, उन्हाने जंतू मरतात. मग रात्रभर ओट्यावर. उकळलेला नसतो म्हणून त्यात कॅफीन नसतं, मुलांना कितीही द्या. फळांचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, चोथा टाकून द्या. आणि पंधरा दिवस घेतलात की पोटावरची चरबी वितळते, शरीरातलं विष निघून जातं.

हा चहा मला मनापासून आवडतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या फोंड्याच्या घरी फ्रिजात त्याची बरणी असतेच. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

सगळ्यात घातक गोष्ट उन्हाची, तिच्यावरच जास्त बोलायला हवं. शेजारच्या काकींनी निरोप वाचून बरणी तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर ठेवली आणि रात्री ओट्यावर. सकाळी कौतुकाने मला दाखवायला आणली. रंग काय सुरेख आला होता, भिरंडांचा लालबुंद. पण पळी बुडवून वर उचलली तर शिळ्या पेजेला सुटते तशी तार सुटत होती, आणि वास आंबूस. सगळी बरणी माडाच्या मुळात ओतली.

कारण सरळ आहे. उन्हात ठेवलेलं पाणी फार तर 55 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू वाढतात, खात्रीने मरत नाहीत. म्हणजे ती बरणी दिवसभर जंतूंसाठी ऊबदार खोली होते, आणि मेमधली आमची रात्र काही गार नसते. चहापत्ती कारखान्यात गरम हवेवर सुकवतात हे खरं, पण त्यानंतर ती गोणीत, दुकानाच्या डब्यात, आपल्या ओल्या चमच्याखाली येतेच. आंब्याच्या सालीला बाजारातले किती हात लागलेले असतात! नेहमीचा चहा आपण खळखळ उकळतो, तिथे हे सगळं निभावून जातं. कोल्ड ब्रूमध्ये जंतू मारणारी पायरीच नसते. मग उरतात दोनच उपाय: आधी उकळून गार केलेलं पाणी वापरायचं आणि पहिल्या मिनिटापासून बरणी फ्रिजात ठेवायची. विहिरीचं पाणी असेल, तेही पावसाळ्यात, तर उकळण्यावाचून गत्यंतर नाही.

कॅफीनचं म्हणणं ऐकायला पटतं, पण चुकीचं आहे. कॅफीन गार पाण्यातही विरघळतं, फक्त सावकाश. आठ-दहा तास मिळाले की बऱ्यापैकी उतरतं. गार पाण्यात खरोखर मागे राहतं ते कडू-तुरट लागणारं कॅटेचिन आणि त्याचे भाऊबंद. चहाला गोडसर चव देणारी अमिनो आम्लं मात्र सहज उतरतात. म्हणून हा चहा जिभेला मऊ लागतो आणि साखर कमी लागते. त्याचं खरं कौतुक हे आहे, निरोपात नेमकं तेच नाही. पण कडू लागत नाही म्हणजे कॅफीन नाही, असं होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत 150 मिलीच्या एका कप चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन धरलंय. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे 20 किलोच्या पोराला 60. सुट्टीत आजोळी आलेली मुलं गोड लागतंय म्हणून तीन-तीन पेले रिचवतात, मग रात्री झोपत नाहीत. मुलांसाठी चहापत्तीशिवाय नुसती फळं घाला, किंवा सरळ कोकमाचं सरबत करा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घरात असतंच की.

सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, हेही नाही. पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व थोडंफार येतं, रंग आणि वास येतो. मानकुरादचा केशरी रंग ज्या कॅरोटीनमुळे असतो ते पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतं. चोथा म्हणजे तंतू, ते तर फोडीतच राहतात. तेव्हा फोडी टाकू नका, खा.

चरबी वितळण्याची गोष्ट कोकमावरून निघाली असावी. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या फळाच्या अर्काच्या गोळ्या वजन उतरवायला विकल्या जातात. त्या घेऊन काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. बरणीतल्या दोन भिरंडांनी ना चरबी वितळते ना काही बिघडतं. ती चवीसाठी घालायची. आणि शरीरातलं नको ते बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, त्यांना चहाची गरज नाही. उलट मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी एक जपावं: निरोपाच्या फोटोत चांदणीच्या आकाराच्या स्टार फ्रूटच्या चकत्या आहेत. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर ते फळ मेंदूपर्यंत बाधतं, उचकी लागण्यापासून शुद्ध हरपण्यापर्यंत. आपल्याकडे परसात हे झाड असतं, पाहुण्यांना हौसेने दिलं जातं, म्हणून सांगते.

माझी रीत अशी. रात्री जेवणं उरकली की एक लिटर पाणी उकळून झाकून गार करते. त्यात दहा-बारा ग्रॅम निलगिरीची अख्ख्या पानांची पत्ती, आणि बरणी लगेच फ्रिजात. हा चहा गार झाला तरी गढूळ होत नाही. घरात रोजची दाणेदार पत्तीच असेल तर निम्मी घ्या आणि तीन-चार तासांत गाळा, नाहीतर जड होतो. सकाळी पत्ती गाळून काढायची आणि मगच फळं घालायची, धुऊन, साल काढून. आंबा जरा करकरीत हवा, पिकलेला विरघळून गाळ होतो. भिरंडांच्या साली तासभर ठेवल्या की पुरे. लिंबू पेल्यातच पिळायचं. काळ्या चहाचा रंग तिथल्या तिथे उजळतो, पोरांना ते बघायला फार आवडतं. फळं घातलेली बरणी त्याच दिवशी संपवायची. आणि पहिल्या पावसात वीज जाऊन फ्रिज दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला तर जीव कितीही हळहळला तरी ओतून द्यायची.

काकींनी परवा अशीच बरणी केली. यंदाची शेवटची भिरंडां होती, मळ्यातून आलेली.