घोडीच्या शेपटीचा केस

माझ्या मानेवर, कॉलरच्या बरोबर खाली, ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ होती. मऊ, देठावर लोंबणारी. चार वर्षं तिचं-माझं काही वाकडं नव्हतं. पण नागपूरचा मे महिना. ४५ डिग्रीत गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोण बाहेर पडतं? घाम, दुपट्टा आणि चामखीळ यांची रोज जुंपायला लागली.

शेजारच्या काकूंनी चुना आणि धुण्याचा सोडा सांगितला. त्यांच्या यजमानांच्या मनगटावर त्या इलाजाचा डाग अजून आहे, म्हणून नुसती मान डोलावली. सलूनवाला वस्तरा रोखून म्हणाला, "काकाजी, म्हणान तर आत्ता उडवून टाकतो!" मी मान काढून घेतली.

सासूबाईंना मात्र नाही म्हणता येईना. "घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, जावईबापू. आठ दिवसांत गळून पडते."

आता घोडा आणायचा कुठून? नेमकी भाच्याची वरात निघाली. महालातल्या गल्लीत सगळे घोडीच्या पुढे नाचत होते, मी एकटाच मागे. नाचल्यासारखं करत दोनदा हात घातला. दोन्ही वेळा शेपटी तोंडावर बसली. वरून नवरदेव ओरडला, "मामाजी, तुम्ही मागं काऊन?" तेवढ्यात घोडीवाल्यानं पकडलं. "काय करून रायले, काकाजी?" खरं ते सांगून टाकलं. त्यानं शांतपणे एक केस उपटला आणि म्हणाला, "पन्नास रुपये." भाव ठरलेला होता, म्हणजे मी पहिला नव्हतो.

रात्री बायकोनं चष्मा लावून गाठ मारली. तिसऱ्या दिवशी चामखीळ जांभळी, मान सुजलेली, आणि मी धंतोलीत चामडीच्या डॉक्टरांसमोर.

भिंगातून बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घोडा की घोडी?"

मग केस कापून मलम दिलं आणि समजावलं. रक्त तोडलं की चामखीळ वाळून गळते, हे खरं. पण मळका केस आणि अर्धवट गाठ म्हणजे पू होण्याला आमंत्रण. शिवाय ती चामखीळच आहे हे आधी कोणी बघितलं? रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ असता तर? काढायचीच तर कात्रीनं छाटता येते, विजेच्या सुईनं जाळता येते, नाहीतर उणे १९६ डिग्रीच्या द्रवरूप नायट्रोजननं गोठवता येते. मी मनातल्या मनात हिशेब केला: बाहेरच्या उन्हापासून तिथपर्यंत २४१ डिग्री. आपल्या कूलरवाल्या जिवाला एवढा गारवा सोसायचा नाही. सूज उतरल्यावर जाळूनच घेतली. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं टोचलं. पुढे केस जळल्याचा वास आला आणि रामरक्षेच्या दुसऱ्या ओळीआधीच काम संपलं.

उठताना डॉक्टरांनी विचारलं, "मान एवढी काळी कधीपासून?"

"उन्हानं," मी म्हणालो. बायको दोन वर्षं ती बेसनानं घासत होती.

त्यांनी शुगरची तपासणी लिहून दिली. चामखिळी आणि काळी मान पुष्कळदा जोडीनं येतात. शरीर इन्सुलिनला नीट जुमानत नाही, त्याची ती खूण असू शकते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा आला ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावर, एक पाय आत. तर्री-पोह्यानंतरची माझी रविवारची जिलबी त्या दिवशीच बंद झाली.

परवा भाच्याच्या घरी सत्यनारायण होता. शिऱ्याची वाटी बायकोनं आधीच उचलून नेली होती. भाटव्यांनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, मला कोपऱ्यात घेतलं, स्वतःची कॉलर खाली केली. तीन होत्या. मी सगळं सांगितलं: डॉक्टर, विजेची सुई, शुगर, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि हळूच विचारलं, "तो घोडीवाला कुठचा होता म्हणे?"