आठ बाय चार

शनिवारी भोसरीत एका अनोळखी गृहस्थांनी मला ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ऐकवली. म्हण मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण भर वर्कशॉपमध्ये, वेल्डरपासून चहावाल्या पोरापर्यंत सगळे कान टवकारून असताना, स्वतः डिझाइन केलेला पत्रा हातात धरून ती ऐकायची वेळ आली की डोक्यात जाते. अजून गेलेलीच आहे.

माझ्याकडे तीनशे सीसीची फेअरिंगवाली स्पोर्ट्स बाइक आहे. पुढून देखणी. मागे मात्र कंपनीनं हातभर लांब प्लास्टिकचा मडगार्ड दिलाय आणि त्याच्या टोकाला नंबरप्लेट. शेरवानी चढवलेल्या नवरदेवाची नाडी मागे लोंबावी तसा प्रकार. पुण्यातल्या स्पीडब्रेकरांनी त्या प्लास्टिकला मुळाशी तडा दिला. स्पेअर मागायला गेलो तर कळलं, नुसता मडगार्ड मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते, आणि असेंब्ली ‘येणार आहे’. नाना पेठेत ‘टेल टायडी’ म्हणून, त्या लांब मडगार्डऐवजी लावायचं, जे आखूड ब्रॅकेट मिळतं ते मी हातात घेऊन जरा वाकवून बघितलं. ते वाकलं. मग म्हटलं, आपणच करू. नाहीतरी पोटासाठी मी दिवसभर ब्रॅकेटच डिझाइन करतो, एक वस्तू दुसरीला धरून ठेवणारे पत्रे. हॉर्नचं, वायरिंगचं, कुठल्यातरी टाकीचं. जगात मला एवढं एकच येतं.

लोकांना वाटतं पत्रा वाकवला, भोकं पाडली, झालं ब्रॅकेट. मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची, ते माप सरकारनं ठरवलेलं. पण ती धरायची कुठे? फार आत घेतली तर सस्पेन्शन दबल्यावर टायर तिला चाटणार. फार बाहेर काढली तर नाडी पुन्हा लोंबली. पहिला साचा मी मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेतून कापला, कारण हल्लीच्या पत्रिकांइतका कडक पुठ्ठा दुकानात मिळत नाही. बेंडच्या रेषेवर बरोबर ‘चि. सौ. कां.’ आलं होतं. त्याच्या पोटाला भाचीची खेळायची क्ले थापली आणि मेहुण्याला मागच्या सीटवर बसवून उड्या मारायला लावल्या. मेहुणा नव्वद किलोचा. क्लेवर टायरची नक्षी उमटली नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ उमटला.

बायकोची एकच अट होती, साडी गार्डला हात लावायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम तिच्याच बाजूनं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं हवं. साडी नेसून त्या टीचभर सीटवर बसायची तिची अजिबात तयारी नाही, पण गार्ड हवा. ठीक आहे. गार्ड ठेवून ब्रॅकेट काढलं.

मटेरियलचाही घोळ झालाच. ॲल्युमिनियमची ६०६१ ग्रेड मजबूत, पण कडक केलेली असली आणि कोनात वाकवली की बेंडवर चिरते. ५०५२ नीट वाकते. वर्कशॉपवाल्याला विचारलं, तुमच्याकडे कुठली ग्रेड आहे? म्हणाला, “चांगलं आहे साहेब, ॲल्युमिनियमच आहे.” मी मुकाट्यानं दोन एमएमचं स्टेनलेस घेतलं. फाइल दिली, लेझरवर पीस कापून झाला, मग प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, गेला. वरची धार सावकाश खाली येते, पत्र्यावर टेकते, आणि पुढच्या क्षणी सपाट पत्रा आपण काढलेल्या कोनात उभा असतो. निळसर फिल्म बेंडपाशी सुरकुतली होती ती मी नखानं सोलली. आतून आरशासारखं... राहू दे. त्या क्षणी पाठीमागून आवाज आला.

“साबणदाणी का?”

निगडी प्राधिकरणातले काका. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची फूटपट्टी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“नंबरप्लेटचं ब्रॅकेट आहे.”

“भोकं बघून वाटलं. पाणी निथळायला.” त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. “कुठल्या गाडीचं?”

मी बाहेर बोट दाखवलं. काका बाहेर गेले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि परत आले. ब्रॅकेट त्यांच्याच हातात.

“कंपनीनं दिलं नव्हतं?”

“दिलं होतं. तुटलं.”

“पडलात?”

“नाही हो. हादऱ्यानं.”

“म्हणजे गाडी हादरते.”

“सिंगल सिलिंडर आहे. थोडी हादरतेच.”

“मग घेतलीत कशाला?”

हा प्रश्न घरीही प्रलंबित असल्यामुळे मी गप्प बसलो. काकांनी फूटपट्टी काढली.

“माझी स्कूटर ८६ सालची. पेंटरनं नंबर थेट पत्र्यावर रंगवलाय. तुटायचा प्रश्नच नाही.”

“पण काका, २०१९च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना आता ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावावी लागते.”

“ती चालू कुठे आहे?” असं म्हणून त्यांनी माझ्या स्लॉटवर फूटपट्टी ठेवली. “ही भोकं लांबट का? ड्रिल सरकलं?”

“ते स्लॉट आहेत. प्लेटची भोकं एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी बसावी म्हणून.”

“म्हणजे नक्की माप तुम्हाला माहीत नाही.”

वेल्डरनं काच वर केली आणि काम थांबवून तो ऐकायला लागला.

“आणि तिरकं का?”

“नंबर नीट दिसावा म्हणून. मागून, कॅमेऱ्यात वगैरे.”

काकांनी चष्मा काढला. “दिसावा म्हणून? आमच्या गल्लीतली पोरं दिसू नये म्हणून खर्च करतात.”

यावर मात्र माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नियम ५१ प्रमाणे मागची अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंच हवेत. रस्त्यावर बघा. २१४चा ‘राम’ होतो, ४१४१चा ‘दादा’ होतो, प्लेट सीटखाली दुमडलेली असते, आणि हे सगळं चौकातून हवालदारासमोरून रामराम घालत जातं. माझा नंबर कशासारखाच दिसत नाही, म्हणून सगळे नियम मला. पण हे मी सुरू करेपर्यंत काकांचा पुढचा प्रश्न आला होता.

“किती पडले याचे?”

“नऊशे.”

“आणि प्लेट केवढ्याला?”

“पाचशे एकतीस. पुढची-मागची मिळून, जीएसटी धरून.”

काकांनी आधी सगळं वर्कशॉप ऐकतंय याची खात्री करून घेतली. मग म्हण टाकली. चहावाला पोरगा हसला. वर्कशॉपचा मालकही हसला, ज्यानं ते नऊशे खिशात घातले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. काकांनी काखेतलं वर्तमानपत्र सोडलं. आत पितळेची पाटी. ‘बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते. उघडायला वेळ लागतो.’ फाटकावर सपाट लावली की सकाळच्या उन्हात चमकते आणि लोकांना वाचता येत नाही, म्हणून तिला तिरकं काहीतरी हवं होतं. पाटी आठ इंच बाय चार इंच. त्यांनी ती माझ्या ब्रॅकेटवर टेकवली. कडेला कड. भोकं थोडी चुकत होती, पण स्लॉटमध्ये बसली. (स्लॉटमुळे बसली. कृपया नोंद घ्यावी.)

काका मालकाकडे वळले. “यातलं एक मलाही काढा.”

फाइल कॉम्प्युटरवर उघडीच होती. माझ्या पीसमधून उरलेला पत्रा टेबलावर पडलेला होता. मशीनचं सेटिंग तसंच होतं. चहा संपेपर्यंत दुसरं ब्रॅकेट तयार. किंमत अडीचशे. काकांनी घासाघीस करून दोनशे वीसवर आणली.

मी मालकाला बाजूला घेतलं. तो दिलगीर वगैरे नव्हता. “साहेब, तुमच्यात प्रोग्रामिंग आलं, सेटिंग आलं, मिनिमम चार्ज आला. काकांचं काय, नुसतं कटिंग-बेंडिंग.” हिशेब बिनचूक आहे. नोकरीत मी स्वतः व्हेंडरला हेच गणित मान्य करतो, पहिल्या नगावर सगळा बोजा पडतो म्हणून. पण तिथे दुसरा नगही आमचाच असतो. इथे उरलेला पत्रा माझ्या पैशांचा, डिझाइन माझं, उड्या माझ्या मेहुण्याच्या, आणि दोनशे वीस रुपयांत दुसरा नग काकांच्या फाटकावर. जाताना त्यांनी माझा नंबरही लिहून घेतला. फोनचा.

मग प्लेट बसवायला गेलो. या प्लेटांची पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती. पुढे ती लांबतच गेली, आणि मी पडलो पहिल्या मुदतीत पैसे भरणारा. अपॉइंटमेंटच्या वेळेला गेलो, तर सगळ्यांचीच तीच वेळ होती. फिटर पोरगा चटपटीत. प्लेट ब्रॅकेटवर धरली, एक भोक स्लॉटमध्ये आलं, दुसरंही येणारच होतं, फक्त चार मिलिमीटर सरकवायची होती. मी “थांब, थांब” म्हणेपर्यंत त्यानं हातड्रिल घेतलं आणि माझ्या स्लॉटच्या शेजारी, त्याला खेटून, स्टेनलेसमध्ये स्वतःचं भोक पाडलं. वर म्हणाला, “आता फिट बसलं बघा साहेब.” कडेला बोट कापेल असा बर, म्हणजे ड्रिलनं मागे सोडलेली धातूची धार. बरं, प्लेट अडकवणारं स्नॅप लॉक एकदा ठोकलं की ते तोडल्याशिवाय निघत नाही, तेव्हा त्याच्यामागचा तो बर आता घासताही येत नाही.

आणि यातली खरी गंमत कुणालाच कशी दिसत नाही? प्लेटवर क्रोमियमचं अशोकचक्र, लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक, परत न वापरता येणारी कुलपं. आणि हे सगळं ज्या ब्रॅकेटवर ठोकलंय ते गाडीला धरून ठेवलंय दोन बोल्टनी. दहा नंबरचा पाना घ्या, कुलपाला हात न लावता ब्रॅकेटसकट सगळी हाय सिक्युरिटी पिशवीत घाला आणि घरी जा. कंपनीच्या मडगार्डचीही तीच कथा आहे. हे मी फिटरला सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, पाना आमच्याकडे येत नाही. आम्ही फक्त लॉक.” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, चला हो पुढे. गेलो पुढे.

काल संध्याकाळी फोन आला.

“तुमचं ब्रॅकेट वाजतं.”

“कोण बोलतंय?”

“प्राधिकरणातून. फाटक उघडलं की खडखडतं. रात्री दूधवाल्याच्या मांजरानं उडी मारली तरी वाजतं.”

“रबर वॉशर लावलेत का, काका?”

“तुम्ही दिले नव्हतेत.”

“मी ब्रॅकेटसुद्धा दिलेलं नाही.”

“डिझाइन कुणाचं?”

मी जरा वेळ काहीच बोललो नाही. तेवढ्यात त्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली होती, सेक्टर, रस्ता, कुठल्या मंदिरापासून कुठे वळायचं, सगळं. “रविवारी सकाळी या. येताना वॉशर घेऊन या. चार आणा, दोन जास्तीचे असू देत.”

“बरं. येतो. बेल एकदाच वाजवतो.”

“बेल वाजवूच नका. फाटक ढकला. ब्रॅकेट वाजलं की कळतं आम्हाला, कुणीतरी आलंय.”