स्वतः पकडलेली मासळी विकायला परवाना? खुलासा

‘मच्छीमारांनो, किनाऱ्यावर मासळी विकायचीय? आधी एफएसएसएआयचा परवाना काढा, नाहीतर दंड,’ असा मेसेज फिरतोय (एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण). तो सरसकट खरा नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८(३) नुसार मच्छीमार आपल्या मासेमारीच्या कामात जे उत्पन्न काढतो, त्याला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे रात्री जाळं ओढून आणलेले बांगडे सकाळी होडीजवळच विकले, तर त्यासाठी अन्न परवान्याचा प्रश्न येत नाही.

फरक पडतो तो मासळी विकत घेऊन विकणाऱ्याला. बंदरावरच्या लिलावात टोपली उचलून दारोदार किंवा बाजारात बसून विकणारी मावशी कायद्याच्या नजरेत किरकोळ विक्रेती ठरते. तिलाही मोठ्या व्यापाऱ्यासारखा परवाना लागत नाही. कलम ३१(२) प्रमाणे नुसती नोंदणी पुरते. मेसेजवाल्यांनी नोंदणी आणि परवाना एकच करून टाकलाय, सगळा घोळ तिथेच आहे. टोपलीत अर्धी घरची आणि अर्धी लिलावातली मासळी असेल, तर लिलावातल्या अर्ध्या मासळीसाठी नोंदणी हवीच. कोळंबीचं लोणचं घालून बरण्या विकायच्या असतील तरीही हवी.

होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ही कागदपत्रं मात्र वेगळी, त्यातून सुटका नाही. ती मत्स्यव्यवसाय खात्याकडे, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली येतात. बाजारातल्या बसण्याच्या जागेचं पालिकेत विचारा. आणि एजंटला पैसे देण्याआधी तो नेमका कुठला कागद काढून देतोय, तेवढं विचाराच.