स्पर्धा परीक्षा सोडून नोकरी शोधताय? मग गॅप लपवू नका

मी पुण्यात रिक्रुटमेंटमध्ये काम करते, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडलेल्या पोरापोरींचे रेझ्युमे सतत हातात येतात. एमपीएससीला वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, म्हणजे थांबायचं कधी ते ज्याचं त्यानेच ठरवायचं. त्यात 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आता परत पहिल्यापासून तयारी नको म्हणून बाहेर पडणारे पण बरेच भेटतायत.

यातले काही जण जे करतात ते बघून जीव तुटतो. पाच वर्षांचा गॅप दिसू नये म्हणून कुठल्यातरी कन्सल्टन्सीला पैसे देऊन खोटं एक्सपिरियन्स लेटर घेतात. अरे बाबांनो, आता बऱ्याच कंपन्या सरळ यूएएनची (म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरची) सर्व्हिस हिस्टरी मागतात, पीएफ कुठल्या महिन्यात कुणी भरला ते पासबुकात दिसतं. कंपनी छोटी होती, पीएफ नव्हता असं सांगितलंत (वीसच्या आत माणसं असतील तर पीएफ बंधनकारक नाही हे खरं आहे) तर मग बँक स्टेटमेंट दाखवा म्हणतात, सॅलरी कुठे जमा झाली? फॉर्म 16 कुठाय? जॉइन होऊन चार महिने काम नीट चाललेलं असताना बॅकग्राउंड चेकचा रिपोर्ट येतो आणि माणूस घरी जातो, आणि ते आधीच्या गॅपपेक्षा दहापट वाईट दिसतं.

त्यापेक्षा सरळ लिहा. "2019 ते 2024, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत." एवढी एक ओळ पुरे, खाली कारणं नकोत. आणि त्याच्या शेजारी जे खरंच येतं ते टाका ना! परवा एका मुलीचा रेझ्युमे बघत होते, छंदांमध्ये वाचन, प्रवास सगळं होतं पण मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांची टायपिंग सर्टिफिकेटं कुठेच नव्हती, क्लर्कच्या परीक्षेसाठी काढलेली ती, "त्याचं काय एवढं" म्हणाली. बॅक ऑफिसला, केवायसीला, लोन प्रोसेसिंगला, इन्शुरन्स क्लेमला हेच लागतं गं. रेपो रेट, जीएसटी, पंचायत राज तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, मग एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांच्या) ग्रामीण शाखा, सीएसआरची (कंपन्यांच्या सामाजिक उपक्रमांची) फील्डवरची कामं, मराठी कंटेंट, क्लासेसमध्ये शिकवणं अशा ठिकाणी आधी अर्ज करा. यूपीएससीला मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांसाठी तर आयोगाचं प्रतिभा सेतू पोर्टल आहे, संमती दिली असेल तर कंपन्यांना तुमची माहिती तिथे दिसते.

एक्सेल मात्र शिकाच, व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल नीट आलं तरी इंटरव्ह्यूत फरक पडतो. नोकरीच्या साइटवरचा प्रोफाइल दर दोन-तीन दिवसांनी अपडेट करा कारण आम्ही सर्च करताना अलीकडे अ‍ॅक्टिव्ह असलेलेच आधी उघडतो. आणि ओळखीत विचारायला लाजू नका, तुमच्याच मेसवर जेवणारा कोणीतरी आज खराडीत किंवा हिंजवडीत कामाला असेल, त्याला नुसतं "जॉब आहे का" न विचारता त्याच्या कंपनीच्या करिअर पेजवरची नेमकी पोस्ट शोधून तिची लिंक पाठवा, रेफर करायला त्याला दोन मिनिटं लागतील. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं डिपॉझिट असलं काही मागितलं की तिथून निघा.

एक प्रश्न शंभर टक्के येणार, "परत परीक्षेला बसणार का?" इथे बरेच जण अडखळतात. बसणार नसाल तर ठामपणे नाही म्हणा, आणि अजून मनात असेल तर आधी घरी बसून ते ठरवा, मग इंटरव्ह्यूला या, कारण मॅनेजरला तुमच्या हुशारीची शंका नसते, सहा महिन्यांत सोडून जाल याची भीती असते.

कोणाला रेझ्युमे दाखवायचा असेल तर फोन नंबर आणि पत्ता काढून इनबॉक्समध्ये टाका, रविवारी दुपारी बसून बघते.