आरव म्हणजे शांत? कोण म्हणालं?

आज सकाळी पुन्हा एकदा ती यादी आली. गुलाबी चौकट, कोपऱ्यात बाळाचे पाय, वर ‘बाळासाठी ५० अर्थपूर्ण नावं’. पहिलंच नाव आरव. अर्थ काय दिलाय? ‘शांत’. खाली सतरा जणांचे हात जोडलेले आणि ‘किती सुंदर’!

अहो, कोंबडा काय करतो पहाटे? आरवतो ना? मग?

संस्कृतात ‘रु’ धातूचा अर्थ आवाज करणं. त्यावरून रव, कलरव, आरव. आपट्यांचा कोश उघडा, मोनियर-विल्यम्सचा उघडा. आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. म्हणजे बरोबर उलटा अर्थ छापलाय, आणि बिनधास्त पुढे ढकलला जातोय. नाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. तान्ह्या बाळाला शोभतंच. पण अर्थ सांगायचाच तर खरा सांगा की!

हे होतं कसं, ते सांगते. एक साइट अर्थ ठोकून देते, दुसरी तो उचलते, तिसरी त्यात ‘लक्ष्मीचे एक नाव’ घालते. चार ठिकाणी दिसला की तो खरा ठरतो. कोश कुणीच उघडत नाही. त्याच यादीत रेयांश आहे, ‘सूर्याचा अंश’. रवि आणि अंश यांचा संधी करून बघा, दहावीचं व्याकरण आहे: इ पुढे अ आला की य होतो, म्हणजे रव्यंश. रश्मि घेतलं तर रश्म्यंश. ‘रेय’ कुठून आणलं? इंग्रजीतला ‘रे’ म्हणजे किरण आणि संस्कृतातला अंश यांची मोट बांधली आणि म्हणे वैदिक नाव.

परदेशी नावांचे हाल तर विचारू नका. कियारा घ्या. इटालियन ‘कियारा’ म्हणजे स्वच्छ, उजळ. लॅटिन क्लारापासून आलेलं. आयरिश ‘किअरा’ म्हणजे काळी, काळ्या केसांची. ‘किअर’ म्हणजे काळा, त्याचं स्त्रीरूप. ऐकायला जवळपास सारखी, अर्थाने थेट विरुद्ध. तुमची कियारा यातली कुठली, हे आईबापांनी ते नाव कुठून उचललं यावर ठरतं. यादीवाल्याला ते कळणार कसं? त्याने ‘तेजस्वी’ लिहून टाकलं. मायराचंही तेच. हे नाव पहिल्यांदा दिसतं ते फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीच्या प्रेमकवितांमध्ये. यादीत मात्र ते संस्कृतही आहे, ग्रीकही आणि अरबीही.

व्हॅनेसाची गोष्ट तर मला फार आवडते. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहोमरी या मैत्रिणीसाठी हे नाव जोडून बनवलं. तिच्या आडनावातलं ‘व्हॅन’ आणि एस्थरचं लाडकं रूप ‘एसा’. ते नाव असलेली त्याची कविता छापली गेली १७२६ मध्ये. पुढे १८०७ मध्ये फॅब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीगटाला तेच नाव दिलं. आता साइटी सांगतात, व्हॅनेसा म्हणजे ग्रीकमध्ये फुलपाखरू! बाप आधी की लेक आधी, याचंही भान नाही.

बरं, मान्य, लोकांनी वापरून वापरून नवा अर्थ रुजतो, आणि आज व्हॅनेसा नावाच्या मुलीला फुलपाखरू आवडत असेल तर माझं काही जात नाही. पण ‘ग्रीकमध्ये’ म्हणू नका.

नाव तपासायचं तर रीत साधी आहे. आधी भाषा नक्की करा. मग ते त्या भाषेच्या लिपीत लिहून बघा, कारण रोमन अक्षरांत निम्मी माहिती गळून पडते. जपानी ‘युकी’ एका चित्राक्षरात लिहिलं तर बर्फ, दुसऱ्या चित्राक्षरात सुख. लिपी न बघता ‘युकी म्हणजे बर्फ’ सांगणारा अंदाजपंचे बोलतोय. मग सर्वांत जुनं लेखी रूप शोधा. आजच्या रूपावरून अर्थ लावायला गेलात की फसलातच. वेल्समधलं प्राइस हे आडनाव घ्या. किमतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते ‘आप रीस’, म्हणजे रीसचा मुलगा. ‘आप’मधला प तेवढा पुढच्या नावाला चिकटून राहिला. ‘आप ह्यू’चं प्यू झालं, तेही असंच.

आणि अर्थ नेहमी गोडच का लागतो तुम्हाला? क्लॉडिया लॅटिनमधल्या लंगड्या माणसाच्या शब्दावरून आलंय. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं कॅमेरॉन म्हणजे वाकडं नाक. शतकानुशतकं माणसं ही नावं ताठ मानेने मिरवतायत.

मंगोलियात नेरगुई असं नाव ठेवतात, म्हणजे ‘नाव नाही’. एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला असं नाव, म्हणजे वाईट शक्तीला चकवा बसेल आणि ती पुढे निघून जाईल. नायजेरियात योरुबा घरांमध्ये अशाच बाळाला दुरोजाये म्हणतात: थांब, जगण्याची मजा घे. मालोमो म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. आपले दगडू, धोंडू याच घराण्यातले. ही नावं वाचताना माझा तरी राग जरा खाली बसतो. त्या आईने काय काय सोसून ते एवढंसं नाव उच्चारलं असेल.

पण म्हणून प्रत्येक कडू नाव मायेचं असतं असंही नाही. साताऱ्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नावं बदलली गेली, त्या सगळ्या नकुशी, नकोशी. तिथे अर्थ शोधायला कोश लागत नव्हता.

आता आडनावांकडे येते, कारण गुलाबी यादीचा भाऊबंद तिथेही आहे: ‘तुमच्या आडनावाचा राजघराण्याशी संबंध’. मंगोलियातच बघा. १९२० च्या दशकात तिथल्या राजवटीने कुळनावं बंद केली. १९९० नंतर ती परत घ्यायची वेळ आली तेव्हा असंख्य लोकांनी बोर्जिगिन घेतलं, खुद्द चंगेजखानाचं कूळ. सगळे काय त्याचे वंशज? तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं; अनेकांनी आवडलं ते घेतलं. थायलंडमध्ये आडनावं आली १९१३ च्या कायद्याने. अशा आडनावावरून हजार वर्षांचा वंशवृक्ष काढून देणारा माणूस एक तर भोळा आहे, नाही तर विकायला बसलाय.

विकायला बसलेले तर घराण्याची म्हणून ढाल-चिन्हंही विकतात, फ्रेम करून. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळतच नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या थेट वंशजांकडे जातं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, म्हणजे ही चिन्हं बहाल करणारी संस्था, १४८४ पासून हेच काम करतंय आणि हेच सांगतंय. तसंच ते ‘एलिस बेटावर अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं’. एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कजवळचं, अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणीचं ठिकाण. तिथले अधिकारी जहाजाच्या यादीवरून माणसं तपासायचे, आणि ती यादी निघतानाच्या बंदरात तयार व्हायची. आडनावं बहुतेकांनी नंतर स्वतःच बदलली, नोकरीसाठी, शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून. पण ‘आजोबांनी स्वतः बदललं’ यात चटकदार काही नाही ना!

त्या पन्नासांपैकी आरव, रेयांश, कियारा, मायरा झाली. उरलेल्यांतलं कुणाला बारशाआधी तपासून हवं असेल तर खाली लिहा. सोबत ते कुठे वाचलं, कुठल्या भाषेतलं म्हणून सांगितलं आणि मूळ लिपीत कसं लिहितात, तेही टाका. आणि नाव नुसतं कानाला गोड लागलं म्हणून ठेवताय? मग तसंच सांगा लोकांना. बिचाऱ्या संस्कृतला मध्ये ओढू नका.