घाटात न्यूट्रल, टायरमध्ये हवा कमी: त्या ‘8 गोष्टीं’ना उत्तर

एप्रिल लागला की तो मेसेज दरवर्षी परत येतो. ‘आरटीओतून निवृत्त झालेल्या साहेबांनी सांगितलेल्या 8 गोष्टी, गाडी असणाऱ्या प्रत्येकाने वाचाच.’ वर तीन लाल दिवे, खाली ‘20 जणांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. साहेबांचं नाव नाही, गाव नाही, कुठलं आरटीओ तेही नाही. मी तो बघून सोडून देत आलो. यंदा तो मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी मनावर घेतला. कराडहून गुहागरला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन: ‘चारी टायर 28 वर आणलेत रे. आणि कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रलला टाकणार आहे, बघू एव्हरेज किती वाढतंय.’ मागच्या सीटवर मामी आणि दोन नातवंडं असणार होती.

मामांच्या वयाचा मान राखून फोनवर तोंड आवरलं. इथे आवरायचं काही कारण नाही.

ज्यांच्या ग्रुपवर हा मेसेज अजून आला नसेल त्यांच्यासाठी आठही गोष्टी थोडक्यात. 1) उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरा, फुल्ल केली तर स्फोट होतो. 2) टायरमध्ये 5 पॉइंट (पीएसआय) हवा कमी ठेवा, नाहीतर रस्ता तापून टायर फुटतो. 3) घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, सरळ उतार असेल तर इंजिनही बंद करा, 20 टक्के पेट्रोल वाचतं. 4) कूलंट हा कंपन्यांचा धंदा आहे, रेडिएटरमध्ये साधं पाणी घाला. 5) गाडीत बसल्या बसल्या एसी लावू नका, डॅशबोर्डमधून बेंझीन निघतं, कॅन्सर होतो. 6) पेट्रोल पहाटेच भरा, जास्त मिळतं. 7) सकाळी इंजिन 5 मिनिटं नुसतं चालू ठेवा. 8) टायरमध्ये नायट्रोजनच भरा.

क्रमाने जात नाही. तिसरी गोष्ट माणसं मारणारी आहे, म्हणून आधी ती.

गाडी डोंगरावरून खाली येते तेव्हा उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. माणसं आणि सामान धरून 1300 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर घरातलं साधारण 20 लिटर पाणी उकळेल. यातला काही वाटा हवा आणि टायर खातात. उरलेला कुणी खायचा? गिअरमध्ये असाल तर इंजिन खातं. ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात, आणि त्या फिरवण्यात गाडीचा वेग दबतो. न्यूट्रल केलंत की हा रस्ता बंद. मग सगळा भार त्या चार चाकांमधल्या ब्रेकच्या तळहाताएवढ्या लायनरवर आणि पॅडवर येतो, आणि तोही वीस-पंचवीस मिनिटं सलग.

पुढे काय होतं ते पोफळीच्या बाजूला घाट संपतो तिथे मे महिन्यात उभं राहून बघा. पुढच्या चाकातून निळसर धूर, जळक्या लायनरचा नाकात बसणारा वास, आणि बाजूला उभा असलेला बाप मुलाला म्हणतोय, ‘पाण्याची बाटली आण, चाकावर ओतू.’ (ओतू नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत राहतं.) पण धूर दिसला म्हणजे नशीब समजा, गाडी थांबली तरी. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रकारचं नवीन ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा 155 वर येतो. सलग ब्रेक दाबून तिथे पोचलात की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं, चाकापर्यंत काहीच पोचत नाही. आपल्याकडे किती जण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतात? इंजिन ऑइल बदलतात, तेही सर्व्हिसवाल्याने आठवण केली तर.

आणि ‘इंजिनही बंद करा’ हे ज्याने लिहिलं त्याने चालती गाडी बंद करून कधी ब्रेक मारलेला नसणार. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या निर्वातातून. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत ती पुरते, नंतर लाथा मारायला लागतात. पॉवर स्टिअरिंग जड होतं. आणि चावी चुकून मागे फिरवून काढलीत तर स्टिअरिंग लॉक, वळण समोर.

बरं, या सगळ्यात वाचतं किती? उलट जास्त जातं! इंजेक्शनच्या इंजिनात, म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या जवळपास सगळ्याच गाड्यांत, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं, पेट्रोल जात नाही. न्यूट्रल केलंत की ते बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावं लागतं, तासाला अर्धा ते एक लिटर. म्हणजे घाट उतरताना न्यूट्रलवाल्याचं पेट्रोल जळतंय आणि गिअरवाल्याचं नाही. पंचवीसेक रुपयांचा मामला आहे, तोही उलट्या बाजूचा. 20 टक्के कुठून आणले ते साहेबच जाणोत.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. कार्ब्युरेटरच्या जमान्यात, जुनी फियाट किंवा पहिली मारुती 800 असताना, न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचायचं हे खरं आहे. त्या इंजिनाला पुरवठा तोडणारा कॉम्प्युटर नव्हता. मामा गाडी शिकले ते त्याच काळात, त्यामुळे त्यांना हे पटलं यात नवल नाही. ब्रेकचा हिशेब मात्र तेव्हाही हाच होता. घाटातले जुने एसटी ड्रायव्हर काय सांगायचे? ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. दुसरा किंवा तिसरा टाका, इंजिनाचा आवाज वाढेल, वाढू द्या. ब्रेक थोडा जोरात मारून सोडा, मग परत. पाय सतत ठेवू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर घ्या, किंवा ‘एल’ (लो गिअर) असेल तर ‘एल’. पटत नसेल तर डॅशबोर्डच्या खणातलं गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. कंपनी कुठलीही असो, उतारावर इंजिन ब्रेकिंग वापरा हे त्यात असतंच. गाडी ज्यांनी बनवली ते हे लिहितात, आणि आपण ऐकतो बिननावाच्या साहेबांचं.

आता टायर. इथे मेसेज नुसता चुकत नाही, अगदी उलटं सांगतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, परत सरळ होते, परत दबते. हे होतं मिनिटाला शेकडो वेळा. रबर आणि आतल्या तारा या घासाघाशीने तापतात, थर सुटायला लागतात, आणि टायर फुटतो. रस्ता तापल्यामुळे हवेचा दाब वाढतो हे खरं. तापमान दहा अंशांनी वाढलं तर साधारण दीड पॉइंट. पण कंपनीने स्टिकरवर जो आकडा दिलाय तो गार टायरचा आहे आणि चालताना वाढणारे चार-पाच पॉइंट त्यात धरलेले आहेत. टायरला ते पेलतं. त्याला पेलत नाही ते कमी हवेवर, पाच माणसं आणि टपावर बॅगा घेऊन 100 च्या वेगाने धावणं.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररचं प्रकरण झालं होतं. त्या गाडीसाठी फोर्डने 26 पॉइंट हवा सुचवली होती, टायर फायरस्टोनचे. टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटायला लागल्या. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले आणि नंतर हवा 30 ठेवा असं सांगितलं. तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने या टायरांशी जोडलेले मृत्यू 271 मोजले. टायरच्या बनावटीत दोष होताच, दोन्ही कंपन्या एकमेकांवर ढकलत राहिल्या ते वेगळं. पण कमी हवा, उन्हाळा, भरलेली गाडी आणि वेग हे चार एकत्र आले की काय होतं ते तिथे दिसलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा पिवळा दिवा नव्या गाड्यांत सक्तीचा झाला तो त्यातूनच. लक्षात घ्या, दिवा लागतो तो हवा कमी झाली की. आमचे साहेब ती मुद्दाम कमी करायला सांगतात! समृद्धीवर टायर तपासणी सुरू करावी लागली ती उगाच नाही.

पंपावरचा पोरगा सवयीने सगळ्यांना 40 मारतो, तेही नको. पकड कमी होते, मधला भाग आधी झिजतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांचा आकडा बहुतेक वेगळा असतो, तेवढीच भरा. सकाळी निघताना भरा, शंभर किलोमीटर पळवून आल्यावर तपासून ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नका. स्टेपनीही बघा. आणि हात फिरवून टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसते म्हणून जुनाट टायर घालून कोकण करणारे बरेच आहेत. मेसेजमध्ये याचा शब्द नाही.

कूलंट. साधं पाणी घालायचे ते ॲम्बेसेडरच्या काळात. आजच्या इंजिनात ॲल्युमिनियम आहे, बारीक नळ्या आहेत. बोअरच्या पाण्याने त्यांत क्षार धरतात, गंज येतो, आणि पाणी कूलंटपेक्षा आधी उकळतं. अडीअडचणीला, रस्त्यात गळती झाली आणि गॅरेज गाठायचंय, तर पाणी घाला, माझी ना नाही. मग गॅरेजात ते काढून घ्या. पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, उघडल्याक्षणी तोंडावर येतं. साधं पाणी घालायला लावणारा मेसेज हे सांगत नाही, त्याला काय म्हणावं.

टाकी फुल्ल केल्याने स्फोट होतो ही अफवा तर इंडियन ऑइलच्या नावावर फिरते, आणि इंडियन ऑइलनेच ती अनेकदा जाहीरपणे खोडून काढलीय: कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यात असो की हिवाळ्यात, सुरक्षित आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. चंद्रपूरचा मे कितीही वाईट असला तरी तिथवर जात नाही. फक्त नोझल टक्कन बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणत वर ठासून भरू नका, ते पेट्रोल वाफ शोषणाऱ्या डब्यात जातं आणि तो बिघडतो.

पहाटेचं पेट्रोल: टाक्या जमिनीखाली असतात, दिवसभरात तिथे फारसा फरक पडत नाही. एका अंशाला हजारातला जेमतेम एक भाग. 30 लिटर भरलंत तर 30 मिलिलिटर. त्यासाठी पाचला उठायचं असेल तर उठा बापडे.

बेंझीनचं कारण बोगस, पण सल्ला योगायोगाने बरा. उन्हात उभ्या गाडीत बाहेरपेक्षा जास्त गरम असतं, म्हणून काचा खाली करून मिनिटभर चालवा आणि मग एसी लावा, लवकर गार होईल. कॅन्सरची भीती घालायची गरज नव्हती.

इंजिन 5 मिनिटं चालू ठेवू नका. अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका, बस.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर घ्या. आपण श्वास घेतो त्या हवेत तो 78 टक्के आहेच. किंचित हळू गळतो, एवढाच फायदा.

उन्हाळ्यात खरंच काही तपासायचं असेल, तर सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची चाचणी) बघावी. दर तीन वर्षांनी ती करून घेणं नियमाने लागतं. गाडीवर लावलेल्या प्लेटवर पुढची तारीख कोरलेली असते, बहुतेकांनी ती गाडी घेतल्यापासून वाचलेली नसते. तारीख उलटली असेल तर आधी टेस्टिंगवाल्याचा नंबर लावा, मे महिन्यात त्यांच्याकडे गर्दी असते.